तालबद्ध संकलन (गीतचित्रफीत)

तालबद्ध संकलन म्हणजे गीताची लय, ताल आणि पदरचना लक्षात घेऊन त्यावरील दृश्यांचा क्रम, लांबी आणि जोड ठरविण्याची चित्रपट-संकलनातील पद्धत होय. चित्रपटातील गाणी, स्वतंत्र गीतचित्रफिती (म्युझिक व्हिडिओ), नृत्याच्या ध्वनिचित्रफिती आणि लोकगीतांचे अल्बम यांच्या संकलनात ही पद्धत वापरली जाते. सामान्य कथादृश्यात संवाद आणि अभिनय यांवरून शॉटची लांबी ठरते. गीतचित्रफितीत ध्वनी आधीच पूर्ण झालेला असतो व दृश्याला त्याच्या मापात बसावे लागते.

तालबद्ध संकलन म्हणजे प्रत्येक ठोक्यावर दृश्य बदलणे, असा समज पुष्कळदा आढळतो. प्रत्यक्षात ठोका हे या पद्धतीचे सर्वांत लहान माप आहे. तालाचे आवर्तन, गीताची ओळ, नर्तकाच्या हालचालीचा आरंभ-शेवट आणि गाण्याचा भाव ही मापे त्याहून मोठी असतात. कोणत्या ठिकाणी कोणते माप धरावे, हा या कलेतील मुख्य प्रश्न आहे.

## संज्ञा

लय म्हणजे दोन मात्रांमधील समान कालांतराची गती. तिचे विलंबित, मध्य आणि द्रुत असे स्थूल प्रकार मानले जातात. ध्वनिमुद्रण व संकलनाच्या व्यवहारात ती दर मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या संख्येने मोजतात. ताल म्हणजे ठरावीक मात्रांचे पुन्हापुन्हा येणारे चक्र. त्याच्या एका फेरीला आवर्तन म्हणतात. आवर्तनाची पहिली मात्रा ती सम.

फ्रेम म्हणजे चलच्चित्रातील एक स्थिर चित्र. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात, तर भारतीय दूरचित्रवाणीच्या परंपरेत २५ रूढ आहेत. शॉट म्हणजे कॅमेऱ्याने सलग टिपलेला दृश्यखंड आणि कट म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होण्याची जागा. गायकाच्या किंवा अभिनेत्याच्या ओठांची हालचाल ध्वनीशी जुळणे याला व्यवहारात 'लिपसिंक' म्हणतात.

## इतिहास

### जागतिक पार्श्वभूमी

दृश्यांच्या लांबीला संगीतातील मात्रांप्रमाणे वागविण्याचा विचार मूकपटांच्या काळातच मांडला गेला. सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाईन यांनी १९२९ साली संकलनाच्या पद्धतींचे वर्गीकरण केले. त्यांपैकी 'मापनिष्ठ' पद्धतीत शॉटची लांबी केवळ गणिताने ठरते. 'लयनिष्ठ' पद्धतीत शॉटच्या आत काय हालते आहे याचाही विचार होतो. दुसऱ्या पद्धतीचे उदाहरण म्हणून त्यांनी आपल्याच 'बॅटलशिप पोटेमकिन' (१९२५) या मूकपटातील ओडेसाच्या पायऱ्यांचा प्रसंग दिला. तेथे सैनिकांच्या पावलांचा ठेका कटच्या ठेक्याशी मुद्दाम जुळू दिलेला नाही आणि त्या विसंगतीतूनच ताण निर्माण होतो. हा भेद गीतचित्रफितीच्या संकलनालाही लागू पडतो.

ध्वनी आल्यानंतर वॉल्ट डिस्ने यांच्या 'स्टीमबोट विली' (१९२८) या व्यंगपटात चित्रातील हालचाल आणि वाद्यवृंदाचा ठेका यांचा काटेकोर मेळ घालण्यात आला. आयझेनस्टाईन यांच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की' (१९३८) या चित्रपटात संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह यांचे काही संगीत आधी तयार होऊन त्याबरहुकूम दृश्ये जोडली गेली, तर काही ठिकाणी आधी जोडलेल्या दृश्यांवर संगीत बसविले गेले. बीटल्सच्या गाण्यांवरील 'अ हार्ड डेज नाइट' (१९६४, दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर) या चित्रपटाचा पुढील गीतचित्रफितींवर मोठा प्रभाव पडला. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत 'एमटीव्ही' ही वाहिनी सुरू झाली आणि गीतचित्रफीत हा स्वतंत्र प्रकार म्हणून स्थिरावला.

### मराठी व हिंदी चित्रपट

भारतात मूकपटांच्या प्रदर्शनावेळी तबला, पेटी आदी वाद्ये पडद्याजवळ वाजविली जात. त्या काळी संगीत चित्राच्या मागे चाले. 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटात आणि 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या मराठी बोलपटात गाणी चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित झाली. गाणारा नटच कॅमेऱ्यापुढे गात असल्याने आणि वादक जवळच दडून वाजवीत असल्याने गाण्याच्या मध्ये कट घेणे अवघड होते. म्हणून आरंभीच्या बोलपटांतील गाण्यांचे शॉट लांब आणि कॅमेरा बहुधा स्थिर असे.

नितीन बोस दिग्दर्शित 'धूप छाँव' (१९३५) या चित्रपटाने पार्श्वगायनाची पद्धत रूढ केली. गाणे आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवून त्यावर अभिनय करायचा, असा क्रम झाला. एकाच ओळीचे चित्रीकरण वेगवेगळ्या अंतरांवरून आणि वेगवेगळ्या ठिकाणी करता येऊ लागले व ते तुकडे एकाच ध्वनीवर जोडता येऊ लागले. आज ज्याला तालबद्ध संकलन म्हणतात, त्याचा भारतातील पाया या बदलाने घातला.

व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांत नृत्य आणि संकलन यांचा संबंध विशेष जवळचा राहिला. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५, संगीत वसंत देसाई) या नृत्यप्रधान चित्रपटात गोपीकृष्ण यांचे कथ्थक केंद्रस्थानी आहे, तर 'पिंजरा' (१९७२, संगीत राम कदम) मध्ये लावणी आणि ढोलकी यांना तेच स्थान आहे. अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९५९, संगीत वसंत पवार) या चित्रपटानंतर मराठीत तमाशापटांची लाट आली व लावणीचे चित्रीकरण आणि संकलन हे मराठी तंत्रज्ञांच्या कौशल्याचे एक खास क्षेत्र बनले. मूळचे संकलक असलेले एन. चंद्रा यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेजाब' (१९८८) या हिंदी चित्रपटातील सरोज खान यांच्या नृत्यदिग्दर्शनाने गाजलेले गाणे हे द्रुत लयीच्या समूहनृत्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

एकविसाव्या शतकात 'नटरंग' (२०१०) आणि 'सैराट' (२०१६) या अजय-अतुल यांचे संगीत असलेल्या चित्रपटांतील गाणी घरोघरी पोहोचली. नागराज मंजुळे दिग्दर्शित 'सैराट'चे संकलन कुतुब इनामदार यांनी केले आहे. त्यातील प्रेमगीतांत मंदगती दृश्ये आणि शेवटच्या समूहनृत्याच्या गाण्यात वेगवान जोडणी अशी दोन भिन्न धोरणे एकाच चित्रपटात पाहावयास मिळतात.

### दूरचित्रवाणी आणि आंतरजाल

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावरील 'छायागीत' या कार्यक्रमामुळे चित्रपटातील गाणे कथेपासून सुटे होऊन पाहिले जाऊ लागले. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, नंतर तबकड्यांवरील लोकगीतांचे अल्बम आले. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर आंतरजाल हेच गीतचित्रफितींचे मुख्य प्रदर्शनस्थळ झाले.

### साधने

फिल्मच्या काळात संकलक मूव्हिओला किंवा स्टीनबेक या यंत्रांवर काम करीत. चित्राची पट्टी आणि ध्वनीची चुंबकीय पट्टी शेजारीशेजारी फिरे. ठोक्याच्या जागी मेणपेन्सिलीने खूण केली जाई. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम आणि एका मिनिटात ९० फूट हे हिशेब संकलकाला तोंडपाठ असत. १९८९ मध्ये 'ॲव्हिड' आणि १९९९ मध्ये 'फायनल कट प्रो' ही संगणकीय साधने आल्यावर पट्टी प्रत्यक्ष कापण्याची गरज संपली. आज ध्वनीची आलेखाकृती पडद्यावर दिसते आणि काही आज्ञावल्या ठोके आपोआप ओळखतात.

## लयीचे गणित

एका मात्रेत किती फ्रेम बसतात हे पुढील सूत्राने निघते: एका मात्रेतील फ्रेम = ६० × सेकंदातील फ्रेमसंख्या ÷ मिनिटातील मात्रासंख्या.

सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास:

- लय ७५ असता मात्रेत २० फ्रेम
- लय १०० असता मात्रेत १५ फ्रेम
- लय १२० असता मात्रेत १२.५ फ्रेम
- लय १२५ असता मात्रेत १२ फ्रेम
- लय १५० असता मात्रेत १० फ्रेम

फ्रेमचा तुकडा करता येत नाही, म्हणून अपूर्णांक आला की जवळची पूर्ण संख्या घ्यावी लागते. येथे एक नेहमीचा दोष उद्भवतो. समजा लय ११० आहे; मात्रेत १३.६४ फ्रेम येतात. संकलकाने प्रत्येक मात्रा १४ फ्रेमची धरून एकामागून एक कट मोजले, तर ६४ मात्रांनंतर चित्र सुमारे २३ फ्रेम, म्हणजे जवळजवळ एक सेकंद मागे पडते. म्हणून कटची जागा मागील कटपासून न मोजता गाण्याच्या आरंभापासून मोजावी, असा नियम आहे. मग कोणत्याही एका कटमधील चूक अर्ध्या फ्रेमपेक्षा अधिक होत नाही आणि ती साठत जात नाही.

वरील हिशेब गाण्याची लय अखेरपर्यंत स्थिर राहते असे गृहीत धरतो. संगणकावर रचलेल्या किंवा ठोक्याच्या मार्गदर्शक पट्टीवर वाजविलेल्या संगीतात ते खरे असते. जिवंत वादनात, विशेषतः ढोलकी, संबळ किंवा पखवाज यांच्या साथीत, लय हळूहळू चढते. अशा ध्वनिमुद्रणावर समान अंतराची जाळी बसविली तर दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ती निसटते. तेथे प्रत्येक सम कानाने ऐकून खूण करण्याला पर्याय नाही.

## ताल आणि कटच्या जागा

पाश्चात्त्य सुगम संगीतात बहुधा चार ठोक्यांचा गट असतो व संकलनाच्या आज्ञावल्याही तोच गृहीत धरतात. भारतीय गीतांत आवर्तनाची रचना निरनिराळी असते.

- केरवा (८ मात्रा, ४+४): चित्रपटगीते व भावगीते यांत सर्वाधिक आढळतो. चार किंवा आठ मात्रांचे शॉट सहज बसतात.
- भजनी ठेका (८ मात्रा): मात्रा आठच असल्या तरी वजन वेगळे असते. टाळांचा गजर वाढत जातो, त्यामुळे आरंभी लांब व शेवटी आखूड शॉट घेण्याची प्रथा आहे.
- दादरा (६ मात्रा, ३+३): झोक्यासारखी गती. चार मात्रांचा हिशेब लावल्यास दुसराच कट विभागाच्या मध्ये पडतो.
- रूपक (७ मात्रा, ३+२+२): समेवरच खाली असल्याने पहिल्या मात्रेवर जोरकस कट बहुधा उपरा वाटतो, चौथ्या व सहाव्या मात्रेवरील टाळ्या अधिक सोयीच्या असतात.
- त्रिताल (१६ मात्रा, ४+४+४+४): कथ्थकसारख्या नृत्यात आवर्तनभर एकच शॉट ठेवून समेवर कट घेणे शोभते.

तिहाईत एकच बोलसमूह तीनदा येऊन समेवर संपतो. तेथे तीन समान लांबीचे शॉट आणि समेवर चौथा, बहुधा दूरचा, शॉट अशी जोडणी रूढ आहे. प्रेक्षकाला ताल मोजता येत नसला तरी ही रचना पूर्ण झाल्याचे समाधान त्याला मिळते.

कट नेमका ठोक्यावर घ्यावा की किंचित आधी, याविषयी संकलकांत भिन्न सवयी आहेत. नवे चित्र समजून घेण्यास डोळ्याला क्षणभर लागतो, म्हणून अनेक संकलक कट ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवतात. हालचालीचा आघात आणि कट यांपैकी एकालाच ठोका द्यावा, हेही तत्त्व मानले जाते. नर्तकीचे पाऊल समेवर पडणार असेल, तर ते पाऊल शॉटच्या आत दिसले पाहिजे. त्याच क्षणी कट घेतल्यास पाऊल पडलेले कोणत्याच शॉटमध्ये नीट दिसत नाही.

## कार्यपद्धती

श्रवण व आराखडा. संकलक प्रथम चित्राविना गाणे अनेकदा ऐकतो. पूर्वसंगीत, ध्रुवपद, अंतरे, मधले संगीतखंड आणि समाप्ती यांची आवर्तने मोजून कागदावर मांडतो.

खुणा. ध्वनिपट्टीवर समेच्या, ओळीच्या आरंभाच्या आणि विशेष आघातांच्या खुणा केल्या जातात. तिन्ही खुणांना वेगळे रंग देणे सोयीचे असते.

मेळ. प्रत्येक शॉट गाण्याच्या ज्या भागावर चित्रित झाला त्या भागाखाली ठेवला जातो. क्लॅपचा आवाज किंवा कॅमेऱ्यावर मुद्रित झालेला मार्गदर्शक ध्वनी यांच्या आधारे ओठांचा मेळ तपासतात.

कच्चे संकलन. प्रथम गाण्याच्या ओळींप्रमाणे मोठे शॉट लावले जातात. आखूड शॉट या टप्प्यावर टाळतात.

सूक्ष्म संकलन. नंतर संगीतखंडांत कटची संख्या वाढवितात, हालचालीवर हालचाल जोडतात आणि फ्रेमगणिक जागा बदलून पाहतात.

मूक परीक्षण. शेवटी आवाज बंद करून चित्र पाहिले जाते. चांगल्या संकलनात आवाज नसतानाही गतीचा चढउतार जाणवतो. आवाजाविना चित्र नुसते लुकलुकत असेल, तर ठोक्यांच्या मागे लागून आशय निसटला आहे असे समजतात.

### उदाहरण

सहा मात्रांच्या ठेक्यातील एक गीत घ्यावे. लय मिनिटाला १५० मात्रा, फ्रेम सेकंदाला २५. एका मात्रेत १० फ्रेम, आवर्तनात ६० फ्रेम, म्हणजे २.४ सेकंद. गाणे ३ मिनिटे १२ सेकंदांचे असेल तर त्यात बरोबर ८० आवर्तने येतात. प्रत्येक मात्रेवर कट घेतल्यास ४८० शॉट लागतील, अर्ध्या आवर्तनावर घेतल्यास १६०, प्रत्येक समेवर घेतल्यास ८०.

याच गाण्याचा आशयानुसार आराखडा असा होऊ शकतो:

- पूर्वसंगीत, ८ आवर्तने: ४ शॉट
- ध्रुवपद, १२ आवर्तने: ६ शॉट
- पहिला संगीतखंड, ८ आवर्तने: १० शॉट (शेवटच्या दोन आवर्तनांत अर्ध्या आवर्तनावर कट)
- पहिला अंतरा, १६ आवर्तने: ४ शॉट
- ध्रुवपद, ८ आवर्तने: ४ शॉट
- दुसरा संगीतखंड, ४ आवर्तने: ८ शॉट
- दुसरा अंतरा, १६ आवर्तने: ४ शॉट
- अखेरचे ध्रुवपद, ८ आवर्तने: ७ शॉट (शेवटची दोन आवर्तने एकाच शॉटमध्ये)

एकूण शॉट ४७ आणि सरासरी लांबी चार सेकंदांहून किंचित अधिक. सगळे कट तालातच आहेत. परंतु अंतऱ्यात चेहरा व शब्द यांना अवकाश मिळतो आणि वेग वाद्यांच्या जागी वाढतो.

## चित्रीकरणाशी संबंध

संकलनातील पुष्कळसे दोष चित्रीकरणात निर्माण होतात. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावून समूहनृत्य चित्रित करताना ध्वनीच्या वेगाचा परिणाम दिसतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो; २५ फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेमच्या काळात तो सुमारे १३.६ मीटर अंतर कापतो. ध्वनिक्षेपकापासून ४० मीटरवर उभी असलेली नर्तकांची रांग त्यामुळे जवळच्या रांगेपेक्षा सुमारे तीन फ्रेम उशिरा हलते. समुद्रकिनारा, खाडीचा बांध किंवा मैदान अशा जागी एकाहून अधिक ध्वनिक्षेपक जवळजवळ ठेवणे हा त्यावरील उपाय आहे.

मंदगती दृश्यात ओठांचा मेळ राखण्यासाठी गाणे वेगाने वाजवितात. सेकंदाला ५० फ्रेमने चित्रण करताना गाणे दुप्पट गतीने वाजवून अभिनेता त्यावर ओठ हलवतो. ते चित्र २५ फ्रेमने दाखविले की ओठ मूळ गाण्याशी जुळतात, मात्र केस, पदर, पाणी यांची गती निम्मी दिसते.

प्रत्येक शॉट ओळीच्या एक आवर्तन आधी सुरू करून एक आवर्तन नंतर थांबविणे, आणि संपूर्ण गाण्याचा किमान एक सलग दूरचा शॉट घेणे, या दोन सवयी संकलकाला सर्वाधिक उपयोगी पडतात.

## आगरी-कोळी गीतांच्या चित्रफिती

रायगड जिल्ह्यातील पेण, अलिबाग, उरण आणि पनवेल हे तालुके आगरी व कोळी समाजाच्या गीतपरंपरेचे क्षेत्र आहे. पेण तालुक्यातील वडखळ हे मुंबई–गोवा महामार्गावरील गाव या पट्ट्यातील मोक्याचे ठिकाण असून येथून अलिबागकडे जाणारा रस्ता फुटतो. भोवतालचा खारेपाट, मिठागरे, भातखाचरे आणि जवळची धरमतरची खाडी हा या गीतांचा स्वाभाविक भूगोल आहे. लग्नातील हळद, नारळी पौर्णिमा, गौरी-गणपती आणि कार्ल्याच्या एकवीरा देवीची यात्रा हे त्यांचे मुख्य प्रसंग. कोळीगीतांच्या ध्वनिफिती व तबकड्या अनेक वर्षे लोकप्रिय होत्या. आता या प्रकारातील चित्रफिती प्रामुख्याने आंतरजालावर प्रसिद्ध होतात आणि त्यांचे संकलन घरगुती संगणकावर, क्वचित मोबाइलवरही केले जाते.

संकलनाच्या दृष्टीने या गीतांचे काही विशेष आहेत. अनेक कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांचा, तीन-तीनच्या झोक्याचा असतो. कोळीनृत्यात वल्हे मारण्याचा अभिनय असून शरीर एका विभागात पुढे झुकते व दुसऱ्यात मागे येते. म्हणजे हालचालीचे पूर्ण चक्र एका आवर्तनाचे असते. अर्ध्या आवर्तनावर सतत कट घेतल्यास प्रेक्षकाला केवळ पुढे झुकणे किंवा केवळ मागे येणे दिसते व वल्हवण्याचा बोध होत नाही. एका आवर्तनाहून आखूड शॉट नृत्याऐवजी वाद्ये, चेहरे, होड्या किंवा परिसर यांसाठी राखून ठेवणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते.

गौरीच्या सणातील फेराच्या नाचात स्त्रियांचे वर्तुळ हीच मुख्य आकृती असते. तिथे जवळच्या शॉटांची गर्दी झाल्यास फेर दिसत नाही. लग्नविधीत धवलारिणींनी म्हटले जाणारे धवले तर पुष्कळदा वाद्यांच्या ठेक्यावर बांधलेले नसतात. त्यांची लय शब्दांच्या उच्चारावर आणि श्वासावर चालते. अशा गीतांचे संकलन ओळीच्या विरामांवर करावे लागते. त्यांच्याखाली नंतर ठेका घालून ठोक्यावर कट घेतल्यास गीताचा मूळ स्वभाव बदलतो.

बेंजो आणि ढोल-ताशांच्या साथीतील हळदीची गाणी याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. त्यांत लय द्रुत असते, गर्दी मोठी असते आणि जलद कट स्वाभाविक वाटतात. एकाच परिसरातील तीन गीतप्रकारांना असे तीन वेगळे न्याय लावावे लागतात.

## मर्यादा आणि टीका

ठोके आपोआप ओळखून त्यांवर दृश्ये वाटणाऱ्या आज्ञावल्यांमुळे हे काम सर्वांच्या आवाक्यात आले. त्या आज्ञावल्यांना आवाजातील आघात कळतो. सम, खाली, ओळीचा अर्थ किंवा हालचालीची पूर्तता कळत नाही. परिणामी वेगवेगळ्या तालांतील गाणी एकाच साच्यात कापलेली दिसू शकतात.

नृत्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीने दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लावणीतील पदन्यास, कोळीनृत्यातील जोडीची रचना किंवा फेराचे वळण हे सलग पाहिल्यावरच शिकता येते. अर्ध्या सेकंदाच्या शॉटांतून नृत्य आकर्षक दिसले तरी ते पुन्हा उभे करता येत नाही. अनेक स्थानिक गीतांचे आणि नृत्यांचे दृश्यरूप केवळ अशा चित्रफितींतच उरत असल्याने संकलकाचा निर्णय हा नकळत जतनाचाही निर्णय ठरतो. न कापलेला सलग शॉट मूळ ध्वनीसह वेगळा जपून ठेवणे हा त्यावरील साधा आणि विनाखर्चिक उपाय आहे.

वेगवान संकलनाच्या बाजूनेही युक्तिवाद केला जातो. लहान पडद्यावर दूरचा शॉट अस्पष्ट दिसतो, तरुण प्रेक्षकाला जलद गतीची सवय असते आणि हौशी कलाकारांच्या नृत्यातील उणिवा कटमुळे झाकल्या जातात. हे मुद्दे वस्तुस्थितीला धरून आहेत. त्यांमुळे वेग त्याज्य ठरत नाही, मात्र तो गाण्याच्या कोणत्या भागात वापरावा हा प्रश्न शिल्लक राहतो.

## स्वामित्वहक्क

प्रसिद्ध गाण्यावर दृश्ये जोडून ती प्रसारित करण्यासाठी गीत-संगीताच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या अशा दोन्ही हक्कधारकांची अनुमती आवश्यक असते. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार गीत व संगीतरचनेवरील हक्क सामान्यतः रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. पारंपरिक लोकगीताच्या मूळ शब्दांवर कोणा एकाचा हक्क नसला, तरी त्याच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणावर तो असतो. शालेय किंवा हौशी गीतचित्रफितींसाठी गावातील गायक-वादकांकडून, त्यांच्या संमतीने, नवे ध्वनिमुद्रण करून घेणे हा सुरक्षित मार्ग आहे.

## हे सुद्धा पहा

- चित्रपट संकलन
- पार्श्वगायन
- ताल (संगीत)
- कोळीगीत
- लावणी
- वडखळ